आज वाहन काय? बेडूक!

खारघरच्या डोंगरावर काळा ढग उतरला की आपला हात आपोआप मोबाइलकडे जातो. यलो अलर्ट की ऑरेंज? पण बॉस, घरच्या भिंतीवरचं कॅलेंडरही एकदा नीट बघा. ८ जूनच्या आसपास तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश, वाहन अमुक. कधी कोल्हा, कधी म्हैस, कधी गाढव. बेडूक किंवा हत्ती आला की आज्या खूश, पाऊस दणकून पडणार!

हे वाहन ठरतं कसं, माहितीये? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं. बाकी ३ उरली तर बेडूक, शून्य उरली तर हत्ती. आकाशाकडे बघायची गरजच नाही. त्यामुळे माझं ऐकाल तर वाहनं मजेपुरती ठेवा.

म्हणींचं मात्र तसं नाही. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ आणि उलट, ‘न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा’. उत्तरा लागतात १३ सप्टेंबरच्या सुमारास. कोकणात तेव्हा भात फुलोऱ्यात किंवा दाणा भरण्याच्या बेतात असतं. नेमकं तेव्हाच पाणी तुटलं तर लोंबीत नुसती फोलपटं. पितृपक्षही त्याच दिवसांतला, म्हणून पितर. म्हणजे पाऊस कधी पडेल हे म्हण सांगतच नाही. तो कधी पडायलाच हवा, हे सांगते.

गोची होते ती तिला अंदाज समजलं की. मृग लागला म्हणून पेरलं आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणी, बियाण्याचे पैसे पुन्हा. म्हणून कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा. शिवाय नक्षत्रांच्या तारखाही सरकतात, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. पाचशे वर्षांपूर्वीचा मृग आठवडाभर आधी लागायचा!

आपल्या टॉवर्सखालीही एकेकाळी भातशेतीच होती. बेलपाडा, कोपरा ही गावं अजून आहेत, शेतं नोडमध्ये गेली. नक्षत्रांपैकी सोसायटीत उरलंय बहुधा एकच, तेही ओळख न देता. नवरात्रात भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात ना? तो हस्त नक्षत्राचा. २७ सप्टेंबरच्या आसपास लागणाऱ्या, दुपारी गडगडाट करत येणाऱ्या पावसाचा. खिरापतीच्या आधी पोरींना एवढं सांगायला काय हरकत आहे?