दहा बाय बाराचं गणित

आपल्या खोल्या फुटांत बांधल्या जातात आणि कार्पेट टाइल सेंटिमीटरमध्ये येते. घरी स्वतः कार्पेट टाइल बसवायची, तर खरा घोळ इथेच आहे. बाकीचं काम हाताला थोडी सवय असलेल्या कुणालाही जमतं.

मी हे काम अंगावर घेतलं ते खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. आमच्या मुलाचं ऑफिस घरातूनच चालतं, त्याची चाकांची खुर्ची व्हिट्रिफाइड फरशीवरून फिरली की त्यांच्या डोक्यावरून बैलगाडी जायची. "ताई, एका खोलीसाठी माणूस पाठवणं परवडत नाही," असं दुकानदाराने सांगितल्यावर प्रश्नच मिटला.

ही वस्तू मुळात ऑफिससाठीची. रे अँडरसन यांनी युरोपात अशा टाइल पाहिल्या आणि 1973 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात इंटरफेस ही कंपनी काढली. खराब झालेली तेवढीच टाइल उचलायची आणि दुसरी ठेवायची, ही सोय ऑफिसांना पटली. दुकानात सत्तर छटांचा राखाडी रंग का दिसतो, तेही यावरून कळतं.

आता गणित. दहा बाय बारा म्हणजे साधारण 305 बाय 366 सेंटिमीटर. टाइल 50 बाय 50. पुस्तकी पद्धत सांगते, खोलीच्या मध्यापासून सुरुवात करा, म्हणजे समोरासमोरच्या कडा सारख्या दिसतील. केलं तसं, तर दहा फुटांच्या बाजूला पाच अख्ख्या टाइल आणि दोन्हीकडे साडेसत्तावीस सेंटिमीटरचे तुकडे. बारा फुटांच्या बाजूला सहा अख्ख्या आणि दोन्हीकडे 33 चे तुकडे. दिसायला देखणं. पण एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत. प्रत्येक तुकड्याला नवी टाइल, एकूण 56. क्षेत्रफळाने भागाकार केलात तर उत्तर येतं 45.

भिंतीला टेकूनच सुरुवात केली, तर 42 अख्ख्या आणि कापायला तीन. 45 मध्ये काम होतं. फक्त एका बाजूला पाच सेंटिमीटरची पट्टी उरते, आणि ती पायाच्या वाटेवर आली की झाडताना पुसताना सर्वांत आधी उचकटते. माझं मत स्पष्ट आहे: भिंतीला कपाट असेल तर मध्यबिध्य विसरा. दाराकडून अख्ख्या टाइलने निघा आणि पट्टी कपाटाखाली जाऊ द्या. मात्र तुमच्या खोलीची मापं वेगळी असणार, तेव्हा आधी चौकटीच्या वहीत आखून पाहा.

भिंत सरळ असेल यावर विश्वास ठेवू नका. सुतार मारतात तसं खडूचं सूत मारायचं आणि एका बाजूला 90, दुसऱ्या बाजूला 120 सेंटिमीटर मोजून तिरकं माप 150 येतं का बघायचं. आलं तर काटकोन बरोबर. टाइलच्या पाठीवर बाण छापलेला असतो. सगळे बाण एका दिशेला ठेवले तर रंग सलग दिसतो, एकाआड एक फिरवले तर बुद्धिबळाचा पट. दोन्ही चालतं, पण एखादीच फिरली तर ती डोळ्यांत खुपते.

कापायचं नेहमी पाठीकडून, स्टीलची पट्टी दाबून, नवं पातं लावून, दोन दमात. तुकड्याचं माप टेपने घेऊ नका. शेवटच्या अख्ख्या टाइलवर नवी टाइल पालथी ठेवून भिंतीला टेकवायची आणि खालच्या टाइलची कड येते तिथे खूण करायची. बसवताना कापलेली कड भिंतीकडे, कारखान्याची कड सांध्याकडे. तेवढं करताना बाण पुन्हा पाहा.

संपूर्ण फरशीला डिंक फासायची गरज नाही. सांध्यांखाली चिकटपट्टीचे चौकोन आणि भिंतीकडेला दुहेरी चिकटपट्टी पुरते. खाली ओल असेल तर मात्र यातलं काहीच टिकत नाही. प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. खाली दव दिसलं तर बेत रद्द. कोकणात, तळमजल्यावर, शहाबादीवर तर पावसाळ्यात ही परीक्षा घ्याच. आणखी एक, टाइल पाच-सहा मिलिमीटर जाड असते, तेव्हा दार आत उघडत असेल तर सुताराकडून खालून तासून घ्यावं लागतं.

आमटी सांडली तर? नायलॉनवर बसलेली हळद सहजी जात नाही. ती टाइल उचलायची, पलंगाखालची चांगली तिथे आणायची, डागाळलेली पलंगाखाली. पाहुण्यांना पत्ता लागत नाही.

घेताना पाच टाइल जास्तीच्या आणि सगळ्या एकाच लॉटच्या घ्या. वर्षभराने तीच छटा मिळेल या भरवशावर राहू नका.