मंडळीचे वर्ष आणि मजुराचे वर्ष

डिसेंबर जवळ आला की मराठवाड्यातील चर्चच्या फलकांवर आगामी कार्यक्रमांची यादी झळकू लागते. आगमनकाळाच्या उपासना, घरोघर फिरणारी गीतगायनाची पथके, शब्बाथ शाळेतील मुलांचे नाटक, नाताळची उपासना, वर्षअखेरची प्रार्थना, महिला मंडळाचा मेळावा. त्यापुढे उपवासकाळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा सण. लहानशा मंडळीने एवढा व्याप सांभाळावा, तोही बव्हंशी बिनपगारी श्रमांवर, ही कौतुकाचीच गोष्ट होय. परंतु अशी यादी वाचताना अर्थशास्त्राच्या अभ्यासकाच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. हे कार्यक्रम ज्यांच्यासाठी आखले जातात, त्यांपैकी किती माणसे त्या दिवशी गावात असतील?

प्रश्न अकारण नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात बीड, जालना, परभणी आदी जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांमधून हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. लहान मुले बरोबर जातात आणि म्हातारी माणसे घर राखतात. ग्रामीण मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे मुळात भूमिहीनांची वा अल्पभूधारकांची असल्याने या स्थलांतरापासून ती अलिप्त राहू शकत नाहीत. ज्या सहा महिन्यांत चर्चचे वर्ष ऐन भरात असते, नेमक्या त्याच सहा महिन्यांत मजुराचे घर कुलूपबंद असते. परिणामी नाताळला पुण्या-मुंबईहून आलेल्या नोकरदारांनी प्रार्थनामंदिर भरून जाते आणि गावातला मजूर मात्र कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या कोपीत तो सण साजरा करतो, किंवा करीतही नाही.

या विसंगतीचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी जालन्याचा इतिहास थोडा आठवावा लागेल. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. 'बेथेल' या इब्री शब्दाचा अर्थ 'देवाचे घर'. परंतु शेषाद्रींनी केवळ देवाचेच घर बांधले नाही. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी माणसांची घरे वसविली, शाळा काढली. गावकुसाबाहेर जगणाऱ्या, प्रामुख्याने मातंग समाजातील माणसांना आधी पायांखाली जमीन हवी, मग उपदेश, हे त्यांनी ओळखले होते. धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो; उपासना आणि उपजीविका यांची फारकत केल्यास मंडळी तग धरीत नाही, हा बेथेलचा धडा धर्मनिरपेक्ष म्हणावा असाच आहे.

आजही ही जाणीव अगदीच लोपलेली नाही. हंगामाच्या सणाचेच उदाहरण घ्यावे. त्या दिवशी शेतकरी आपल्या पिकाचा वाटा वेदीपुढे आणून ठेवतात. पायलीभर ज्वारी, भोपळा, पपई, कोंबडी, घरची अंडी, जे असेल ते येते. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. बाजारात तीस रुपयांना मिळणारी पपई येथे तीनशेला जाते, आणि घेणारा ती कित्येकदा पुन्हा लिलावासाठी परत देतो. मागणी-पुरवठ्याच्या नियमात हे बसत नाही. तो एक स्वेच्छेने भरलेला कर असतो. ज्याच्याजवळ अधिक आहे तो हसत हसत अधिक भरतो. असा कर गोळा करण्याची शक्ती सरकारजवळही नाही. मग त्या निधीचा विनियोग ठरविणाऱ्या सभेला, ज्यांच्या घामातून ती ज्वारी पिकली त्यांनी उपस्थित असू नये काय?

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सणांच्या तारखा माणसाच्या हाती नाहीत. ते खरेच आहे. नाताळ 25 डिसेंबरलाच येणार आणि पुनरुत्थानाचा सण 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यानच पडणार. पण फलकावरील प्रत्येक गोष्ट सण नसते. वार्षिक सभा, हिशेबवाचन, पंचांची निवडणूक, शब्बाथ शाळेची परीक्षा, दृढीकरणाचे वर्ग, तरुण संघाचे शिबिर यांना कोणत्याही शास्त्राने हिवाळ्याशी जखडलेले नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने मजूर गावी असतो. पाऊसपाण्याची अडचण असते, वर्गणीही कमी जमते, हे मान्य केले तरी निर्णयात त्याचा आवाज असणे अधिक मोलाचे आहे.

दुसरी सूचना अशी की, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या हाती पाळकाचे पत्र असावे. परगावी निघालेल्या बंधुभगिनींना शिफारसपत्र देण्याची प्रथा ख्रिस्ती परंपरेत पौलाच्या काळाइतकी जुनी आहे. ऊसपट्ट्यातही चर्च आहेत. तेथील मंडळीला ठाऊक असेल की अमुक फडावर आपली चार कुटुंबे उतरली आहेत, तर आजारपणात, बाळंतपणात आणि मुलांच्या शाळेच्या प्रश्नात केवढा आधार मिळेल! तिसरी सूचना उचलीविषयी. मजुराला बांधून टाकते ती पावसाळ्यातील रिकाम्या हातांची निकड. महिला मंडळाने त्याच महिन्यांत बचतगट चालविला, तर मुकादमापुढे जाताना मजुराची मान थोडी तरी ताठ राहील.

सरकारचे दायित्व याने संपत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना राज्याने 2021 साली आखली. तिचा लाभ खेड्यातील आईबापांना समजावून सांगणारा कोणी तरी हवा. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. हा वाद न्यायालयात आणि आयोगांपुढे चालू राहील. तोवर त्याच वस्तीतील ख्रिस्ती मुलाच्या वह्या-पुस्तकांचा प्रश्न थांबणार नाही.

भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावातून जालन्याच्या कार्यक्रमाला यायचे, तर मजुराचा दिवसाचा रोज बुडतो आणि एस.टी.चे भाडे वर पडते. त्या माणसाला येणे शक्य व्हावे, अशी तारीख फलकावर लिहिणे हे खर्चाचे काम नाही. त्यासाठी फक्त तारीख ठरविण्यापूर्वी त्याला विचारावे लागते. पुढील वर्षाची यादी करण्यास बसणाऱ्या पंचांनी मंडळीच्या पटावरील प्रत्येक नावासमोर, हे कुटुंब कोणत्या महिन्यांत गावी असते, एवढीच एक नोंद करावी. बहुतेक कार्यक्रमांच्या तारखा त्या नोंदीवरून आपोआप ठरतील.