सांधेदुखीची पुडी नव्हे, तपासलेला उपचार : बालाघाट जिल्ह्यातील कुटुंबांना जाहीर आवाहन

आमवात, म्हणजेच रूमॅटॉइड आर्थरायटिस, हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा दीर्घ आजार आहे. सकाळी बोटे आखडतात, तासभर मूठ वळत नाही, दोन्ही मनगटे सुजतात. अशा हातांनी रोवणी होत नाही, आणि धानपट्ट्यात रोवणीचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. याच अडचणीवर झोलाछाप डॉक्टर आणि पुडीवाले पोट भरतात.

जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे मिसळलेली असल्याचे देशात वेळोवेळी तपासणीत उघड झाले आहे. दोन दिवसांत सूज ओसरते, भूक वाढते, हळूहळू चेहरा भरतो आणि घरचे म्हणतात, ‘गुण आला.’ हा गुण नव्हे. दुखणे दबते, पण साखर व रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, खुब्याचे हाड रक्ताविना मरते, दबलेला क्षयरोग उसळतो. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर एकत्र आल्यावर काळ्या बुरशीने किती डोळे नेले, हे इतक्या लवकर विसरणे शोभत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या हाडदुखीला वात समजून स्टेरॉइड दिल्यास वेदनेचा झटका उलट बळावू शकतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झाली. तरी रक्त न तपासता सुई टोचली जाते, हा संताप आणणारा प्रकार आहे.

औषध स्वतः वैरी नाही. १९४८ मध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले. १९५० मध्ये केंडल व राइखस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. दुष्परिणामही लवकरच दिसले. म्हणून आजचा नियम असा : मूळ उपचार मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचा, त्यांचा परिणाम दिसेपर्यंत स्टेरॉइड कमीत कमी मात्रेत, कमीत कमी काळ.

‘गरिबाला स्वस्तात आराम मिळतो’ हा युक्तिवाद खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे टिकत नाही. ‘हा आयुर्वेदाला विरोध’ हेही खोटे. घटक लपवणारी पुडी आयुर्वेद नव्हे.

प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे :

१. सहा आठवड्यांहून जास्त सांधे सुजलेले असल्यास जिल्हा रुग्णालय गाठावे. गरज पडल्यास गोंदिया, नागपूर.

२. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड घेऊ नये. हे शेड्यूल एचमधील औषध आहे.

३. डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची गोळी सकाळी, खाऊन घ्यावी. साखर, रक्तदाब, डोळे, हाडे तपासत राहावे.

४. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतल्यास जीव जाऊ शकतो.

५. तीन आठवड्यांहून अधिक घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. शरीराचे स्वतःचे संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथी तोवर निजलेल्या असतात. अचानक बंद केल्यास उलट्या, ग्लानी, रक्तदाब कोसळणे आणि मृत्यूही ओढवू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच उतरवावी.

६. ताप, अपघात, शस्त्रक्रिया असल्यास ‘स्टेरॉइड चालू आहे’ हे आधी सांगावे. उलटीमुळे गोळी टिकत नसेल, तर १०८ रुग्णवाहिका बोलवावी.

वर्गणी काढून दहा दिवस मांडव उभा ठेवणाऱ्या गणेश मंडळांना आणि बचत गटांना ही यादी घरोघर पोहोचवणे जड नाही. गावातले हे बळ दुसऱ्या कोणाकडे नाही. पुडी घेणारा शेजारी आढळल्यास ती हिसकावून फेकू नये. रुग्णाला पुडीसकट रुग्णालयात न्यावे, म्हणजे किती दिवस काय पोटात गेले याचा डॉक्टरांना अंदाज येतो.