सगळ्या फाईल्स एकदम रन? थांबा जरा!

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांची धावपळ तुम्ही पाहिलीच असेल. अशा वेळी डेटाबेस दुरुस्तीच्या वीस-तीस एसक्यूएल फाईल्स एका फोल्डरमध्ये टाकतात, बॅच फाईल लावतात आणि सगळ्या एकदम रन! वेळ वाचतो, मान्य. पण ताजा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवल्याशिवाय कुणालाही हे करू देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात तुमची सगळी उधारी आहे हो!

फाईल्स नावाच्या क्रमाने चालल्या तर बऱ्याचदा १० नंबरची २ च्या आधी लागते. म्हणून ००२, ०१० अशी नावं हवीत. मधली एक फाईल अडली तरी साधा लूप थांबत नाही, पुढची चालवतोच. मग निम्म्या मालाला नवा दर, निम्म्याला जुना, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं. मायएसक्यूएलमध्ये तर टेबलची रचना बदलली की रोलबॅकने ती मागे येत नाही.

सॉफ्टवेअरवाला म्हणेल, "शेठ, काही होत नाही." त्याला विचारा, एरर आली तर लूप थांबतो का? लॉग कुठे दिसेल? गडबडला, तर म्हणावं आधी कॉपीवर चालवून दाखव, मग दुकान बंद झाल्यावर ये.