राखीव दिवस कुठे आहे?

न्यूझीलंडची चौकशी करणारं मराठी कुटुंब हल्ली पहिल्याच फोनवर सांगतं, बस नको, ग्रुप नको, गाडी आम्हीच चालवू. मागणी रास्त आहे. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, पाट्या इंग्रजीत. मुंबई-गोवा चालवणाऱ्याला बिचकण्याचं कारण नाही. आपण ट्रॅव्हल एजंटही उत्साहाने कामाला लागतो आणि दोन दिवसांत आयटिनररी पाठवतो. ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, फेरीने पिक्टन, काइकोरा, क्राइस्टचर्च, टेकापो, क्वीन्सटाऊन, मिलफर्ड साउंड, वेस्ट कोस्टच्या हिमनद्या, आणि एवढ्या लांब जातोच आहोत तर जोडीला सिडनी, मेलबर्न, ग्रेट ओशन रोड. प्रत्येक रात्र बुक, प्रत्येक सकाळी चेक-आउट. कागद देखणा दिसतो. त्यात नसतो तो फक्त एक राखीव दिवस. या संपादकीयाचं म्हणणं एवढंच आहे की राखीव दिवस नसलेली सेल्फ-ड्राइव्ह आयटिनररी अपुरी आहे, आणि अपुरं काम आपण विकू नये.

मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवला तो ग्रुप टूरने. केसरी १९८४मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३मध्ये. आधीच्या आणि नंतरच्या अनेक लहान-मोठ्या संस्थांनीही ही वाट रुंद केली. या व्यवस्थेचा कणा म्हणजे टूर मॅनेजर. रस्ता बंद झाला की तोच ड्रायव्हरशी बोलतो, हॉटेलला फोन करतो, जेवणाची वेळ पुढे ढकलतो आणि पर्यटकांना अंताक्षरीत गुंतवतो. बस उशिरा पोचली हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. सेल्फ-ड्राइव्हमध्ये आपण या माणसाला वगळतो. त्याचं काम मात्र तसंच शिल्लक राहतं. ते कुणी करायचं याचं उत्तर आपल्या कागदात नसेल, तर ते परक्या मुलखात, पावसात, मागच्या सीटवर दोन मुलं असलेल्या बापाला शोधावं लागतं.

त्याने पुण्याला किंवा दादरला फोन लावावा, ही सोय तशी फसवी आहे. मे महिन्यात न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास असतं. तिथे सकाळी आठ वाजता रस्ता बंद असल्याचं कळतं, तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजलेला असतो. शिवाय मिलफर्डच्या रस्त्यावर आणि हास्ट पासच्या बऱ्याच टापूत मोबाइलला रेंजच नसते. म्हणून निर्णय आधी घेऊन कागदावर उतरवलेले हवेत.

दक्षिण बेटाची रचना मराठी माणसाला समजावणं सोपं आहे: सह्याद्रीसारखी उभी रांग, पश्चिमेला पावसाचं कोकण आणि पूर्वेला कोरडा देश. मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या आंबोलीसारखा. क्राइस्टचर्चला सहाशेच्या आसपास. पण हे साम्य इथेच संपतं, आणि नियोजनाची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. आपल्याकडे वरंधा बंद झाला तर ताम्हिणी आहे, कुंभार्ली आहे, आंबा आहे. दक्षिण आल्प्स ओलांडणारे मुख्य रस्ते तीनच: उत्तरेला लुईस पास, मध्ये आर्थर्स पास, दक्षिणेला हास्ट पास. आर्थर्स आणि हास्ट यांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात पलीकडे जायला गाडीरस्ता नाही. दुसरं असं की तिथे ठरावीक पावसाळा नाही. वेस्ट कोस्टवर पाऊस बाराही महिन्यांचा आहे, त्यामुळे अमुक महिन्यात गेलं की बिनधोक, असं सांगता येत नाही.

एकच उदाहरण घ्या. फ्रान्झ जोसेफहून वानाकाला हास्टमार्गे जाणारा राज्य महामार्ग ६ सुमारे २८५ किलोमीटरचा आहे. आरामात थांबत गेलं तरी एका दिवसाचं काम. हास्टच्या बाजूला दरड आली, तर उत्तरेला होकिटिकापर्यंत मागे यायचं, आर्थर्स पास ओलांडायचा, कँटरबरीच्या मैदानातून दक्षिणेला उतरायचं आणि लिंडिस पासवरून वानाका गाठायचं. हे अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास जातं. एका दिवसात ते कुणी चालवू नये. म्हणजे एक रात्र वाटेत आणि पुढचं सगळं बुकिंग एका दिवसाने मागे. राखीव दिवस नसेल तर इथून पुढे पत्त्यांच्या बंगल्यासारखा सगळा प्रवास कोसळतो.

हे काल्पनिक संकट नाही. मार्च २०१९मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. लष्कराच्या मदतीने बेली पूल उभारून रस्ता १८ दिवसांनी सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ऐन पर्यटन हंगामात, पूर आणि दरडींनी हाच महामार्ग पुन्हा तुटला. फेब्रुवारी २०२०च्या अतिवृष्टीत मिलफर्डचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि पर्यटक आत अडकले. १४ नोव्हेंबर २०१६च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने काइकोराचा किनारी महामार्ग १ गाडला. तो पुन्हा खुला व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला आणि तोवर पिक्टन-क्राइस्टचर्च वाहतूक लुईस पासच्या लांबच्या वाटेने चालली. उत्तर बेटही अपवाद नाही. जानेवारी २०२३मध्ये कोरोमंडलचा २५ए मार्ग खचला, तिथला नवा पूल त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुला झाला. तिथली यंत्रणा दुरुस्तीला जलद आहे आणि न्यूझीलंड ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या जर्नी प्लॅनरवर माहितीही वेळेवर मिळते. पण डोंगर तरुण आहेत, भूकंपप्रवण आहेत, आणि रस्ता तुटणं हा तिथल्या भूगोलाचाच भाग आहे. जे नियमित घडतं त्याला आयटिनररीत ‘अपवाद’ मानणं, ही नियोजनातली चूक आहे.

दुसरा मुद्दा उजेडाचा. आपलं गिऱ्हाईक शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात निघतं. तेव्हा तिथे शरद ऋतू संपत आलेला असतो. मेअखेरीस क्वीन्सटाऊनला सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हातात नऊ तास. आता आपल्या सगळ्यांच्या कागदावर असलेली ‘क्वीन्सटाऊन-मिलफर्ड-क्वीन्सटाऊन’ ही एका दिवसाची सहल मोजा. एका बाजूने सुमारे २९० किलोमीटर, न थांबता चार तास. जाऊन-येऊन आठ, क्रूझचे दोन, म्हणजे दहा तास. त्यात चहा, फोटो, पोटातलं ढवळणं काहीच धरलेलं नाही. उरलेली वाट काळोखात, कदाचित रस्त्यावरच्या अदृश्य बर्फावरून. मे ते नोव्हेंबर हा या रस्त्यावरचा हिमस्खलनाचा काळ. गाडीत चाकांच्या साखळ्या असणं तेव्हा सक्तीचं होऊ शकतं. १९५४मध्ये खुला झालेला, सव्वा किलोमीटरभर लांबीचा होमर बोगदा मिलफर्डच्या बाजूला तीव्र उताराचा आहे. आयुष्यात बर्फावर गाडी न चालवलेल्या माणसाला इथे अंधारात पाठवायचं का? उपाय साधा आहे: टे अनाऊला दोन रात्री. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर. पहिल्या दिवशी रस्ता बंद असेल तर दुसरा दिवस हाताशी. तेही नको असेल तर क्वीन्सटाऊनहून बसची सहल घ्यावी. सेल्फ-ड्राइव्ह म्हणजे प्रत्येक किलोमीटर स्वतःच चालवला पाहिजे, असं कुणी सांगितलं?

समुद्राचंही गणित असंच. वेलिंग्टन-पिक्टन फेरी साडेतीन तासांची, पण कुक सामुद्रधुनीत वारा उठला की फेऱ्या रद्द होतात. त्यातच इंटरआयलंडरची आरातेरे ही नौका ऑगस्ट २०२५मध्ये निवृत्त झाली. हंगामात गाडीसह पुढची जागा मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून फेरीच्या दुसऱ्याच दिवशी न बदलता येणारं बुकिंग ठेवू नये. दहा-बारा दिवसांची रजा असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: एकच बेट करा.

दोन देश जोडताना भूल आणखी मोठी पडते. भाड्याची गाडी टास्मान समुद्रापलीकडे जात नाही, म्हणजे दोन करार, दोन विमे, दोन डिपॉझिट. घड्याळही दोन तासांनी पुढे-मागे होतं. सवयीही बदलतात. न्यूझीलंडच्या रस्त्यावर सांभाळायचं ते एकपदरी पुलांना. पाटीवरचा लहान लाल बाण आपल्या बाजूचा असेल तर थांबायचं आपण. ऑस्ट्रेलियात तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, तिथे अंधारापूर्वी मुक्काम गाठणं हाच पहिला नियम. ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला. सुमारे २४० किलोमीटरची ही वळणं मेलबर्नहून एका दिवसात उरकण्यासाठी नाहीत. अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलला एक रात्र ठेवा, नाहीतर हा रस्ता गाळा.

कागदपत्रांचं थोडक्यात. परवाना इंग्रजीत नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. सात वर्षांखालील मुलांना योग्य चाइल्ड सीट सक्तीची. डिझेल कॅम्परव्हॅनला किलोमीटरवर रस्ता वापर शुल्क लागतं, ते कोटेशनमध्ये दाखवा. स्किपर्स रोड आणि नाइंटी माइल बीचवर बहुतेक भाडे कंपन्यांचा विमा चालत नाही. अपघातातल्या इजेचा उपचार तिथली सरकारी एसीसी योजना पाहुण्यांनाही देते, पण आजारपण आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च देत नाही, म्हणून प्रवास विमा टाळता येणार नाही. आणि डब्यातला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करायला लावा. मध तर नेऊच नये. न सांगता नेलेल्या एका फळासाठीही ४०० डॉलरचा दंड जागेवर होतो.

आता व्यवसायाची बाजू. राखीव दिवस टाकला तर शेजारचा एजंट त्याच पैशांत दोन ठिकाणं जास्त दाखवेल आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल, ही भीती खरी आहे. गिऱ्हाईक ठिकाणं मोजतं, कारण मोजायला आपण त्याला दुसरं काही दिलेलंच नाही. त्याला गाडीतले तास मोजायला द्या. प्रत्येक दिवसापुढे किलोमीटर न लिहिता चालवण्याचे तास, सूर्यास्ताची वेळ आणि शेवटचा पेट्रोल पंप लिहा. दोन कोटेशनं शेजारी ठेवली की कोणतं काम विचारपूर्वक झालंय, हे घरातल्या आजींनाही कळेल. शिवाय राखीव दिवस रिकामा नसतो. रस्ता उघडा राहिला तर तोच वानाकाच्या तळ्याकाठचा निवांत दिवस होतो, आणि परतल्यावर लोक बहुधा त्याच दिवसाबद्दल बोलतात.

तो कुठे ठेवायचा, हेही महत्त्वाचं. शेवटी ऑकलंडच्या खरेदीला ठेवलेला दिवस राखीव नव्हे. तो जोखमीच्या टापूनंतर लगेच हवा: वेस्ट कोस्ट उतरल्यावर वानाका किंवा क्वीन्सटाऊनला, मिलफर्डसाठी टे अनाऊला. वेस्ट कोस्टच्या रात्रींना थोडे जास्त पैसे पडले तरी रद्द करता येणारी बुकिंगच घ्या. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा, आणि उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेणं नाही. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर डोळे मिटतात ते विचारून मिटत नाहीत.

या हंगामापासून प्रत्येक सेल्फ-ड्राइव्ह कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहाव्यात, अशी आमची वाचकांना विनंती आहे. दिवसाला चालवण्याचे चारपेक्षा जास्त तास नकोत. एखाद्या दिवशी नाइलाजाने वाढले तर दुसरा दिवस हलका. दर पाच रात्रींमागे एक राखीव दिवस, तोही ‘राखीव’ असं स्पष्ट लिहून. आणि प्रत्येक डोंगरी टप्प्यासाठी एक ओळ: अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोचला नाहीत, किंवा रस्ता बंद निघाला, तर मागे फिरून अमुक गावी मुक्काम करा. ही ओळ लिहिता येत नसेल, तर तो टप्पा विकू नका.