आमिष आणि ओढ

जून उजाडला की आमच्या कर्जतमध्ये दोन पेरण्या होतात. एक खाचरात भाताची, आणि दुसरी विजेच्या खांबांवर क्लासच्या जाहिरातींची. त्यातल्या निम्म्या जाहिरातींत 'प्रेरणा' हा शब्द असतोच. हल्ली प्रेरणा दोन तासांच्या व्याख्यानात मिळते, मोबाईलवर तर रोज सकाळी सुप्रभातासोबत फुकट येते. इतकी प्रेरणा वाटली जात असूनही मुलं पुस्तक उघडायला का कंटाळतात, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

म्हणून आज ज्यांनी हा शब्द आयुष्यभर गांभीर्याने घेतला, अशा एका माणसाबद्दल लिहितोय. डॉ. विनायक विश्वनाथ पेंडसे, म्हणजेच आप्पा पेंडसे (१९१६-१९८३). नव्या पिढीतल्या अनेकांना त्यांचं नाव माहीत नसेल, पण त्यांनी १९६२ साली पुण्यात सुरू केलेली ज्ञान प्रबोधिनी माहीत असते.

आप्पा मानसशास्त्रज्ञ. त्या काळी मानसशास्त्रात बुद्धिमापनाचा मोठा बोलबाला होता. अमेरिकेतल्या गिलफर्ड यांनी बुद्धी म्हणजे एकच एक शक्ती नसून तिचे १२० वेगवेगळे पैलू आहेत, अशी मांडणी केली होती. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने त्याच मांडणीवर काम केलं, चाचण्या तयार केल्या. १९६९ साली मुलांची प्रशाला निघाली, १९७५ साली मुलींची. प्रवेश बुद्धिमत्तेच्या चाचणीवर.

इथवर ही एका हुशार मुलांच्या शाळेची गोष्ट वाटते. पण संस्थेचं ध्येयवाक्य पाहा. त्याचा मराठीत अर्थ होतो, समाजपरिवर्तनासाठी बुद्धिमत्तेला प्रेरित करणं. म्हणजे बुद्धी शोधली की काम संपलं असं आप्पांनी मानलं नाही. ती कशासाठी वापरायची, हे मुलाला आतून वाटायला हवं. ते कसं वाटेल? यावर त्यांनी निबंध लिहून थांबण्याऐवजी संस्थाच उभी केली. मुलांना खेड्यांत नेलं, दलं उभी केली, उद्योग आणि ग्रामविकासाची कामं काढली. आप्पा गेल्यावर दहा वर्षांनी, १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा प्रबोधिनीचे लोक मदतीला धावले आणि त्यातून हराळीला शाळा आणि केंद्र उभं राहिलं. ज्याने काम पेरलं तो माणूस नसतानाही ते उगवत राहिलं. प्रेरणेची मला तरी याहून चांगली चाचणी सुचत नाही.

आता थोडं साता समुद्रापार जाऊ. आप्पा इथे संस्था वाढवत होते त्याच काळात अमेरिकेत एडवर्ड डेसी नावाचा तरुण मानसशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने याच प्रश्नाशी झटत होता. त्याचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अगदी साधा. कॉलेजच्या मुलांना सात ठोकळ्यांचं 'सोमा' नावाचं कोडं दिलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नुसतंच सोडवलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुणालाच काही नाही. मधे आठ मिनिटं मुलांना एकटं सोडायचे. टेबलावर मासिकंही असायची. मोजायचं होतं एवढंच, की कुणी सांगत नसताना मूल ठोकळ्यांना किती वेळ हात लावतं. ज्यांना पैसे मिळाले होते, त्यांची ओढ पैसे थांबल्यावर कमी झाली.

पुढे डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी याच विषयात आयुष्य घातलं. १९९९ साली त्यांनी असे १२८ प्रयोग एकत्र तपासले. आधी कबूल करून दिलेल्या बक्षिसाने मुळात आवडीच्या कामाची गोडी कमी होते, मनापासून केलेल्या कौतुकाने मात्र वाढते, असं त्यांना दिसलं. इतर अभ्यासकांनी यावर वादही घातले, ते योग्यच. आणि हे लागू पडतं ते आवडीच्या कामालाच. भरपावसात कमरेत वाकून भात लावणाऱ्या बाईला मजुरी पुरेपूर आणि वेळेवर मिळायला हवी, तिला 'आतली प्रेरणा' शिकवायला जाऊ नये!

दादा, वहिनी, आता तुमच्याकडे येतो. रागावू नका.

आपला चिरंजीव सातवीत असताना पावसाळ्यात रोज उल्हास नदीच्या पुलाच्या खांबावरचं पाणी बघून वहीत लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं. छत्री उलटी व्हायची तरी जायचा. मग त्याचा प्रकल्प झाला, शाळेत बक्षीस मिळालं, पुढच्या वर्षीही बक्षीस आणायचं असं घरात ठरलं. पुढच्या वर्षी वहीत एकही नोंद नाही. एका पोराच्या वहीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मान्य. वय वाढतं, आवडी बदलतात. पण आता दहावीला नव्वद टक्के पडले तर बाईक, असं तुम्ही कबूल केलंय म्हणून विचारतो. नव्वद पडतील. त्यानंतर अकरावीला काय देणार?

मला आप्पांचीही एक गोष्ट पूर्ण पटत नाही. आधी बुद्धिमान मुलं निवडायची आणि मग त्यांना प्रेरित करायचं, यात निवडीबाहेर राहिलेल्यांचं काय? प्रबोधिनीने पुढे खेड्यांत जे काम केलं त्यातून याचं थोडं उत्तर मिळतं, पण प्रश्न उरतोच. डेसी आणि रायन म्हणतात की माणसाला तीन गोष्टी लागतात. आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपलं म्हणणारं कुणीतरी असणं. यातली एकही चाचणीत पहिल्या आलेल्यांसाठी राखीव नाही.

आणि याचा पुरावा आपल्याच तालुक्यात आहे. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले भाई कोतवाल. त्यांनी या भागातल्या शेतकऱ्यांसाठी शाळा चालवल्या, धान्य कोठारं काढली. दिवसभर राबलेली माणसं अक्षर गिरवायला बसली, त्यांना कुणी कसलं आमिष दाखवलं असेल? २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई शहीद झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर हिराजी पाटीलही होते. त्यांची चाचणी कुणी घेतली होती?

असो. दादा, बाईकचा शब्द दिलाच आहे तर तो पाळा, शब्द मोडणं त्याहून वाईट. पण निकालाशी त्याची गाठ बांधू नका. आणि या पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी त्याच्याबरोबर पुलापर्यंत नुसतं चालत जा. वहीचा विषय काढू नका. पाणी किती चढलंय, एवढंच विचारा.

बाकीच्यांना विचारतो, तुमच्या लहानपणी कुणीही न सांगता तुम्ही काय करायचात? आणि ते कधी सुटलं?