कार्डाचे बिल आणि अर्जाचा कागद

नाशिकरोडच्या छापखान्यात 1928 सालापासून नोटा छापल्या जात आहेत. अशा गावाला पैशाचे कौतुक ते काय सांगावे? पण हल्ली त्याच नाशकात, मेनरोडच्या कापडदुकानापासून कॉलेजरोडच्या उपाहारगृहापर्यंत, एकही नोट न मोडता दिवाळी साजरी होते. क्रेडिट कार्ड पुढे केले की झाले, पैसे नंतर! हे ‘नंतर’ मात्र मोठे लबाड. तुळशीचे लग्न लागते न लागते तोच बिल येते, आणि ते वेळेवर पुरते फेडले नाही, तर पुढच्या बिलात आपण कधीच न घेतलेल्या तीन वस्तू दिसतात: विलंबशुल्क, व्याज आणि त्यावरचा जीएसटी.

या ओळी पाहून कोणी निमूटपणे पैसे भरतो, तर कोणी फोनवर तासभर भांडतो. दोघांच्याही हाती फारसे काही लागत नाही. तिसरा मार्ग कंटाळवाणा आहे, पण उपयोगी तोच. बिलाची एकेक रक्कम वेगळी काढावयाची आणि तिला नियम लावून पाहावयाचा.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. दंगे मोडले गेले. पण 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला खतामागचा सारा हिशेब उकलण्याचा अधिकार दिला. मुद्दल एकीकडे, व्याज दुसरीकडे! जाळलेल्या खतांनी जे साधले नाही, ते वेगळ्या मांडलेल्या हिशेबाने पुष्कळ अंशी साधले.

आता कार्डाचा हिशेब मांडू. समजा, सिडकोतल्या एका गृहस्थांनी 10 ऑक्टोबरला 20,000 रुपयांची खरेदी केली. बिल 5 नोव्हेंबरचे, मुदत 25 नोव्हेंबर. ‘किमान रक्कम’ म्हणून त्यांनी त्या दिवशी 1,000 रुपये भरले आणि सुटकेचा श्वास टाकला. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदतीची सवलत गेली आणि व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून चालू झाले. 5 डिसेंबरपर्यंत ते होते सुमारे 1,277 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी सुमारे 230. म्हणजे हजार रुपये भरूनही देणे 20,507! विलंबशुल्क मात्र एक पैशाचेही नाही, कारण किमान रक्कम वेळेवर पोचली होती.

हे व्याज परत मिळेल काय? नाही. कराराप्रमाणे आकारलेले व्याज केवळ ‘फार आहे’ म्हणून परत मिळत नाही. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 30 टक्क्यांवरचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. तेव्हा दराशी झुंजण्यात वेळ दवडू नये. नियम मोडून घेतलेला पैसा मात्र हक्काने मागावा.

तो कोणता? रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्डांसाठी निर्देश काढले, त्यांतल्या व पुढील दुरुस्तीतल्या काही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मुदत उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याखेरीज विलंबशुल्क लावता येत नाही. 25 तारखेचे पैसे 27 ला पोचले आणि तरी शुल्क लागले, तर ते परत मागा. शुल्क लावावयाचे ते मुदतीनंतर थकलेल्या रकमेवर, साऱ्या बिलावर नव्हे. न भरलेले शुल्क वा कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढविता येत नाही. न मागितलेले कार्ड गळ्यात मारून पैसे आकारले, तर आकारणी रद्द करून तिच्या दुप्पट दंड बँकेने द्यावयाचा. आणि सारी बाकी फेडून कार्ड बंद करावयास सांगितले, तर सात कामकाजी दिवसांत ते बंद व्हावे. पुढे दर दिवसाला 500 रुपये आपल्याला!

आता अर्ज. तो बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी करावा. बिलाची तारीख, पैसे भरल्याची तारीख, चुकीची ओळ, तिची रक्कम आणि ‘ही रक्कम, तीवरचे व्याज व कर परत जमा करावे’ एवढी मागणी पुरे. रागाचे शब्द नकोत. त्यांनी बेरीज वाढत नाही. तक्रार क्रमांक जपून ठेवा. खात्यात काही कारण नसता रक्कम थकवू नका, वादाची ओळ तेवढी लेखी कळवून बाकीचे बिल भरा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीचा दूरध्वनी 14448. तिथे उशीर करू नये. ग्राहक आयोगाचा दरवाजाही नाशकातच आहे.

आणि चूक आपलीच असेल तर? तर हक्क न सांगता विनंती करावी. नेहमी वेळेवर भरणाऱ्याचा पहिला दंड बँका पुष्कळदा सोडून देतात. मागणाराच नसेल, तर देणार कोणाला?

शे-पाचशे रुपयांसाठी एवढी यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. पण बारा महिन्यांचे शे-पाचशे मिळून घरातल्या पोरांचे दिवाळीचे कपडे होतात. लक्ष्मीपूजनाला पाटावर वही ठेवतो, तिच्याशेजारी यंदा कार्डाचे बिलही ठेवावे. मात्र हळदकुंकू वाहण्यापूर्वी ते एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे!